लेनोरने दिलेला जोकर

लेनोर पॅशकाऊ कुणाला आवडायची नाही आणि तिच्यावाचून कुणाचं चालायचंही नाही. आमच्या फ्लोरिडातल्या वसाहतीत सगळे साठीच्या पुढचे. दर बुधवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये माह जाँगची, त्या चिनी सोंगट्यांच्या खेळाची, टेबलं मांडली जायची, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच कुठून तरी आरडाओरडा उठायचा.

"तेराऐवजी माझ्याकडे बाराच सोंगट्या आहेत!"

"मी तीन दिल्या तुला. शपथ!"

"मग एक काय उंदराने नेली?"

की लगेच चार टेबलांवरून एकच हाक, "लेनोरला बोलवा गं!"

लेनोर उठायची. अंगाने चिमणी, फ्रॉकची कॉलर कडक इस्त्रीची, चष्मा साखळीला टांगलेला. टेबलापाशी येऊन हात मागे बांधून उभी राहायची आणि विचारायची, "कुणी कुणाला दिल्या? उजवीकडे, समोर, की डावीकडे?" आमच्या खेळात आधी ही अदलाबदल असते. नको असलेल्या तीन सोंगट्या उजवीकडचीला द्यायच्या, मग तीन समोरचीला, मग तीन डावीकडचीला. तिथे चुकायला लागतं किती? एक बाई बोलत असते, दुसरी केक खात असते, तिसरी नातवाचा फोटो दाखवत असते. लेनोर दोन प्रश्नांत चोर पकडायची. अदलाबदल चालू असेल तर चूक दुरुस्त करून द्यायची. आणि एकदा का खेळातली पहिली सोंगटी मधे पडली, की मग कितीही गयावया करा, "तुझा हात बाद" म्हणून मोकळी व्हायची. बाद झालेलीने डाव संपेपर्यंत तोंड बंद करून बसायचं. आमच्यातल्या काही जणींना तीच शिक्षा फार वाटायची.

मी थेल्मा. माझं तोंडही काही कमी नाही, पण मी बोलते आणि विसरते. लेनोर बोलायची आणि ते खरं असायचं, तिथे पंचाईत. सतराव्या वर्षी ती मॅनहॅटनमधल्या कोटांच्या कारखान्यात लागली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या शेवटच्या टेबलावर बसली. शिवून झालेला प्रत्येक कोट तिच्यापुढे यायचा. एक टाका सुटलेला दिसला, खिसा केसभर तिरका वाटला, की कोट परत. मो पॅशकाऊने मागणी घालताना अंगठी आणली, तर हिने आधी ती उजेडात धरली. खडा हलत होता. "दुकानात जा, बसवून आण, मग विचार," म्हणाली. तो बिचारा गेला, बसवून आणला, आणि मग ही हो म्हणाली. मो गेल्यावर ती इथे आली, एकटीच. मुलगी कॅलिफोर्नियात. ती रविवारी फोन करायची, आणि मंगळवारपर्यंत दोघी एकमेकींवर रागावलेल्या असायच्या.

पहिल्या आठवड्यातच इथल्या तीन टेबलांनी तिला वाटेला लावलं. शेवटी बर्निसने तिला खुर्ची दिली. बर्निस टायटलमन म्हणजे आमच्या टेबलाचा जीव. आडव्या अंगाची, मोठ्याने हसणारी, बोटांत चार अंगठ्या. "येऊ दे की," ती म्हणाली होती, "माझा नॅट तीस वर्षं मला वाट्टेल ते बोलतोय. मला सवय आहे." तेव्हापासून आम्ही चौघी एका टेबलावर. लेनोरच्या डाव्या हाताला बर्निस, बर्निसच्या डाव्या हाताला मी, आणि माझ्या डावीकडे कोरीन. कोरीन स्वभावाने बरी, फक्त पोटात काही राहायचं नाही तिच्या.

चौघींत गाडी येत होती ती एकट्या बर्निसला. आम्ही बाकीच्या न्यूयॉर्कच्या. सगळा जन्म जमिनीखालच्या रेल्वेत गेला, स्टिअरिंगला हात लावायची वेळच आली नाही. आणि इथे गाडी नसेल तर माणूस पांगळा. वसाहतीची बस बाजारापर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत जाते, बस्स. बर्निसची ती लांबलचक क्रीम रंगाची गाडी होती म्हणून आम्ही जेवायला जायचो, नाटकाला जायचो. आणि बर्निस रोज नॅटकडे जायची.

पुढे नॅटला अर्धांगाचा झटका आला. महामार्गापलीकडच्या एका शुश्रूषागृहात त्याला ठेवलं होतं. बोलणं गेलेलं, उजवी बाजू गेलेली. खायचा तो फक्त बर्निसच्या हातून. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायचा आणि भिंतीकडे वळायचा. म्हणून रोज दुपारी बर्निस थर्मासात बार्लीचं सूप घेऊन निघायची. ऊन असो, वादळ असो, बुधवारचा खेळ रंगात आलेला असो, वेळ झाली की उठायची. "माझा नवरदेव उपाशी आहे," म्हणायची आणि किल्ल्या वाजवत निघायची.

एका बुधवारी काय झालं ते सांगते. अदलाबदलीचा तिसरा फेरा, डावीकडे द्यायचा. त्या फेऱ्यात एक सवलत असते. स्वतःकडचं काही द्यायचं नसेल, तर उजवीकडून आलेल्या सोंगट्या न बघता, तशाच पालथ्या पुढे सरकवायच्या. बर्निसचा हात चांगला जमला असावा. लेनोरने दिलेल्या तीन सोंगट्या तिने उचलून न बघताच माझ्याकडे ढकलल्या. मी उचलून सोंगट्या उभ्या करायच्या पट्टीवर लावल्या आणि बघते तर त्यात जोकर!

आता जोकर कुणाला देत नाहीत. देणं सोडाच, कुणी द्यायचा विचारही करत नाही. तो कुठल्याही सोंगटीच्या जागी चालतो, त्याला छातीशी धरून बसायचं असतं. शिवाय नियमच आहे, अदलाबदलीत जोकर द्यायचा नाही. नवशिकीलासुद्धा पहिल्या दिवशी हेच सांगतात.

"बर्निस, अगं तू मला जोकर दिलास!" मी ओरडले.

"मी? मी तर बघितल्याही नाहीत. लेनोरकडून आल्या, तुझ्याकडे गेल्या."

सगळ्यांच्या माना लेनोरकडे वळल्या. शेजारच्या टेबलावरच्या बायकाही थांबल्या. लेनोरचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझी चूक," ती म्हणाली. "परत दे. दुसरी देते."

"लेनोर चुकली?" कोरीन म्हणाली, आणि ते तिने असं काही म्हटलं की स्वयंपाकघरात कॉफी ओतणारीलाही ऐकू गेलं असेल.

झालं. दुसऱ्या दिवशी तरणतलावावर तोच विषय. पॅशकाऊबाईंनी जोकर दिला म्हणे. वय झालं. आता डोकं कुठवर साथ देणार? पुढच्या बुधवारी टेबलांवर दोनदा भांडणं झाली आणि कुणी लेनोरला हाक मारली नाही. आपापसात मिटवली, चुकीची मिटवली. ती तिथेच बसून सगळं ऐकत होती. तिच्या जागी मी असते तर टेबल उलटवलं असतं. कोरीन तर तिच्या मुलीला फोन करायला निघाली होती, मीच दटावलं तिला.

मला ते काही पटेना. अहो, जी बाई कोटाच्या आतला सुटलेला टाका दहा हातांवरून बघायची, तिला हातातला जोकर दिसत नाही? मी तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, लिंबाची चकती दिली आणि विषय बदलला.

"लेनोर, मला शेंडी लावू नकोस," मी म्हटलं. "तू तो जाणूनबुजून दिलास."

"चूक झाली म्हटलं ना."

"तुझी चूक होत नाही. म्हणून तर कुणाला तू आवडत नाहीस."

त्यावर ती जराशी हसली. निघताना मी सहज म्हटलं, "उद्या मीही येते नॅटला भेटायला. बरेच दिवस झाले." हल्ली लेनोर रोज बर्निसबरोबर जायची, ते मला ठाऊक होतं. मला वाटायचं, सोबत म्हणून जाते.

"गाडीत गर्दी होईल," लेनोर म्हणाली.

"तिघींची गर्दी? त्या गाडीत लग्न लागेल!"

मी मागे बसले. बर्निस चालवत होती, लेनोर तिच्या शेजारी. फाटकाबाहेर पडलो, आणि लेनोर हळूच म्हणाली, "लाल." गाडी थांबली. जरा वेळाने म्हणाली, "हिरवा." गाडी निघाली. "उजवीकडून ट्रक येतोय. जाऊ दे. आता चल." मला आधी वाटलं, हिची जुनी खोड, गाडीतही दुसऱ्याच्या चुका काढते. मग मी आरशात बर्निसचा चेहरा पाहिला. ती सरळ समोर बघत होती, पण कशाकडेच बघत नव्हती. महामार्ग ओलांडेपर्यंत मी पुढच्या सीटची कड धरून बसले होते आणि जेवढ्या प्रार्थना येत होत्या तेवढ्या मनात म्हणत होते.

नॅटच्या खोलीत बर्निसने थर्मास उघडला. डाव्या हाताची बोटं त्याच्या ओठांवर ठेवली, आणि बोटांच्या अंदाजाने चमचा तोंडापर्यंत नेला. तो लहान मुलासारखा आ करत होता आणि एकटक तिच्याकडे बघत होता. थेंबही सांडला नाही. तेव्हा कळलं मला, जोकर लेनोरचा नव्हताच. आमच्या जुन्या संचात फुलं कोरलेल्या सोंगट्यांवरच पातळ चिकटपट्टी लावून जोकर केलेले होते. अंगठ्याने चाचपलं तर पट्टीखालचं कोरीव फूल लागायचं, म्हणजे फूल आणि जोकर सारखेच. बर्निस कित्येक दिवस अंगठ्याने खेळत होती. पहिल्या फेऱ्यात उजवीकडे, म्हणजे लेनोरकडे, फूल समजून जोकर सरकवत होती. लेनोरने बोभाटा केला असता तर सगळ्यांना समजलं असतं. आणि फुकटचा जोकर ठेवून घेणं तिच्याच्याने होईना, ती पडली लेनोर. म्हणून तिसऱ्या फेऱ्यात गुपचूप परत करत होती. त्या दिवशी नेमका बर्निसने तो न बघता माझ्याकडे ढकलला.

परतताना आमच्या फाटकापाशी वसाहतीतलेच मिस्टर ऑस्ट्रो आपल्या तीनचाकी सायकलवरून चालले होते. मागे टोपली, टोपलीत संत्री, काठीला नारंगी झेंडा. लेनोर डावीकडची गाडी बघत होती. "चल, मोकळं आहे," ती म्हणाली. गाडीला खालून हिसका बसला.

"फुटपाथ घासला का गं?" बर्निसने विचारलं.

मी मागच्या काचेतून पाहिलं. सायकल आडवी पडली होती, संत्री रस्ताभर, आणि ऑस्ट्रो गवतात बसून मूठ हलवत होते. "थांब!" मी किंचाळले. "बर्निस, थांब!" देवाची कृपा, गुडघा खरचटण्यावर निभावलं. माणूस भला, पोलिसांना बोलावलं नाही. पण शिव्या मात्र अशा घातल्या की त्यातल्या काही मी माझ्या वडिलांनंतर पहिल्यांदाच ऐकल्या. लेनोर रस्त्यावर वाकून संत्री गोळा करत होती. उचललेलं संत्रं पुन्हा तिच्या हातून पडत होतं.

"मी म्हटलं मोकळं आहे," ती मला म्हणाली. "माझ्या तोंडून गेलं ते, थेल्मा."

त्या आठवड्यात ती तीनदा बर्निसच्या घरी गेली. डॉक्टरला दाखव म्हणाली, गाडी ठेव म्हणाली, हात जोडले. बर्निसने हसण्यावारी नेलं. एक सायकल, तीही त्या खुळ्याची, जो नेहमी रस्त्याच्या मधून जातो. शेवटच्या वेळी मात्र हसली नाही. "किल्ल्या दिल्या तर नॅटला कोण भरवणार? तू?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिचा मुलगा शिकागोला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, आईशी तुम्हीच बोला, ती माझं ऐकत नाही. वा रे वा, म्हणे मुलगा!

बुधवार आला. पहिला फेरा, उजवीकडे. बर्निसने तीन सोंगट्या सरकवल्या. लेनोरने त्या उचलल्या, पाहिल्या, आणि एक उताणी करून टेबलाच्या मधोमध ठेवली. जोकर.

"बर्निस, हा तू दिलास."

"अरेच्चा!" बर्निस हसली. "फूल समजून दिला. आण इकडे."

"घे. आणि त्याच्या बदली मला फूल दे. तुझ्याकडे आहे, मला इथून तुझी पट्टी दिसतेय."

बर्निसचा अंगठा पट्टीवरून घाईघाईने फिरला. तिने एक सोंगटी दिली. ती दक्षिणेच्या वाऱ्याची होती.

"हे फूल नाही."

"लेनोर, पुरे," मी म्हटलं.

"फूल दे, बर्निस."

बर्निसने दुसरी दिली. तेही फूल नव्हतं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकांनी सोंगट्या खाली ठेवल्या होत्या. बर्निसच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. तिने पट्टीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "काय करतेयस तू माझं? सगळ्यांसमोर?"

"तुला दिसत नाही," लेनोर म्हणाली. "तुला दिसत नाही, आणि तू गाडी चालवतेस, आणि तुझ्याबरोबर मी खोटं बोलतेय. उद्या तो माणूस मरेल. नाहीतर कुणाचं पोर मरेल. किल्ल्या दे."

"आणि नॅट?"

लेनोर नुसती हात पुढे करून बसली. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. आणि दुसरीकडे वाटत होतं, बर्निसने किल्ल्या द्याव्यात, आत्ताच्या आत्ता द्याव्यात. बर्निसने पर्स उघडली, किल्ल्या काढल्या, आणि लेनोरच्या हातात न देता टेबलावर सोंगट्यांत फेकल्या.

"आता घे," ती म्हणाली. "पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस."

मग जे व्हायचं तेच झालं. कोरीनच्या नवऱ्याने बर्निसला रविवारी न्यायचं कबूल केलं. सिनॅगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराच्या, बायकांनी आठवड्यातले दोन दिवस वाटून घेतले. कधी टॅक्सी. त्या दिवशी नॅट जेवायचा. उरलेल्या दिवशी लेनोर बाहेरच्या दोन बस बदलून, महामार्गाच्या कडेने उन्हातून चालत, थर्मास घेऊन जायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. सूपही बर्निसच्याच पद्धतीचं करायची, बार्ली तशीच, गाजर तसंच बारीक. मी एकदा बरोबर गेले होते. ती पलंगाशी बसली, बोटं त्याच्या ओठांवर ठेवली, चमचा नेला. नॅटने तोंड मिटलं. ती चमचा धरून बसून राहिली. पार गार होईपर्यंत. "नॅट, एकच," ती म्हणत होती, "एकच घोट, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी." त्याने मान भिंतीकडे वळवली. आम्ही भरलेला थर्मास घेऊन परत आलो. बसमध्ये ती थर्मास मांडीवर धरून बसली होती.

पासओव्हरच्या सणानंतर नॅट गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. कुणी म्हणालं, उपासमार. कोरीनने ते मोठ्याने म्हटलं, आणि मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

बर्निसच्या घरी शिवा बसली, म्हणजे आम्हा ज्यूंचा सात दिवसांचा शोक. आरसे चादरींनी झाकलेले, दार सताड उघडं, टेबलावर उकडलेली अंडी आणि बेगलचे गोल पाव. बर्निस ठेंगण्या स्टुलावर, काळ्या कपड्यांत, शोकाची फाडलेली फीत छातीवर. अशा घरात जाणाऱ्याने आपण होऊन बोलायचं नसतं. जिचं माणूस गेलंय ती बोलेल तेव्हा बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं. मी आत गेले, आणि माझ्यामागून लेनोर आली. ती न बोलता बर्निसच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मी पाठीमागे उभी राहिले.

बर्निसने मान वळवली. डोळे लेनोरच्या खांद्यावरून पलीकडे गेले. तिने हात पुढे केला आणि लेनोरचा हात चाचपून धरला.

"थेल्मा?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"थेल्मा, बरं झालं आलीस," बर्निस म्हणाली. "शेवटच्या दिवशी कुणाकडे गाडी नव्हती गं. नर्सने सांगितलं, दुपारभर दाराकडे बघत होता. त्या बाईचं बरोबर होतं. मला कळतं, मी काही मूर्ख नाही. कुणाला तरी मारलंच असतं मी. पण तिला माफ नाही करायची मी, थेल्मा. तो दाराकडे बघत होता."

लेनोरचा हात अजून बर्निसच्या हातात होता. गप्प बसली असती तर तो तिथेच राहिला असता. कुणाला काही कळलं नसतं, मी तर मरेपर्यंत बोलले नसते. मी मागून तिच्या खांद्यावर बोटं रोवली, बोलू नकोस म्हणून.

"बर्निस," ती म्हणाली, "ही थेल्मा नाही. मी लेनोर आहे."

बर्निसने हात काढून घेतला. तो मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा ठेवला. खोलीतली माणसं अंड्यांकडे बघायला लागली.

"मग ऐकलंस ना सगळं," बर्निस म्हणाली.

"ऐकलं."

मला वाटलं आता लेनोर उठेल. ती उठली नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला पुरुष जमेपर्यंत ती त्या खुर्चीवर बसून होती, आणि बर्निसने तिला जा म्हटलं नाही.